मंडळी म्हणजे माणसं!

मुलांनो, आधी एक कोडं घालतो. ओळखा पाहू!

रविवारची सकाळ आहे. पेटीचे सूर येताहेत, तबल्यावर ठेका धरलाय, कुणाच्या हातात टाळ आहेत. म्हाताऱ्या आजींपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे एका सुरात अभंग म्हणताहेत. सांगा, हे कुठलं दृश्य?

तुम्ही म्हणाल, "हात्तिच्या! सोप्पं आहे. देवळातलं भजन!"

पण जरा आत डोकावून पाहा. समोर भिंतीवर क्रूस आहे. हे आहे आपल्या महाराष्ट्रातलं, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं एखादं चर्च! तिथे अशी मराठी गाणी शंभर वर्षांहून अधिक काळ गायली जाताहेत.

आता आणखी एक गंमत. या लोकांना तुम्ही विचारलंत, की चर्चला मराठीत काय म्हणता, तर उत्तर येईल, 'मंडळी'. आपण पत्राच्या शेवटी 'घरातील सर्व मंडळींना नमस्कार' लिहितो ना, तीच मंडळी! म्हणजे चर्च ही नुसती दगडविटांची इमारत नव्हे, तर एकत्र जमलेली माणसं. जुन्या काळी तर नवरे आपल्या बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणत असत!

आज मी तुम्हांला अशाच एका 'मंडळीं'ची गोष्ट सांगणार आहे. त्यांचं नाव लक्ष्मीबाई टिळक. त्यांची श्रद्धा त्यांना कुणी आयती दिली नाही. रडत, भांडत, हसत, प्रश्न विचारत, स्वतःच्या पायांनी चालत त्या तिच्यापर्यंत पोचल्या.

सोवळ्यातली मनू

नाशिकजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव मनकर्णिका, लाडाने मनू. पुढे सासरी तिची लक्ष्मी झाली.

मनूच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या घटनेचा मनूच्या वडिलांच्या मनावर फार विचित्र परिणाम झाला. विटाळाची त्यांना जबरदस्त धास्ती बसली. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. याला शिवायचं नाही, त्याला शिवायचं नाही. घरातल्या पोरांनी जरा इकडेतिकडे हात लावला, की झालीच बोलणी सुरू! शाळेचं तर मनूने तोंडही पाहिलं नाही.

अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा मुलगा होता नारायण वामन टिळक. होय, तेच! 'फुलामुलांचे कवी' म्हणून तुमच्या आजीआजोबांनी ज्यांच्या कविता शाळेत पाठ केल्या, ते रेव्हरंड टिळक. 'केवढे हे क्रौर्य' ही पाखराची कविता घरात कुणाला तरी नक्की पाठ असेल. विचारून पाहा!

टिळक माणूस मोठा विलक्षण. संस्कृतचे जाणकार, भाषण ऐकावं तर यांचं, कविता करावी तर यांनी. पण एका गावी टिकतील तर शपथ! आज या गावात नोकरी, उद्या त्या गावात. हातात पैसा आला की दारात आलेल्या गरजूला देऊन मोकळे. मग घरात पीठ आहे की नाही, ही काळजी लक्ष्मीबाईंनी करायची! राग आला तर असा भडकायचा, की विचारू नका. आणि थोड्या वेळाने स्वतःच रडायचे. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे तारेवरची कसरत! त्यातच पोटची मुलं लहानपणी जाण्याचं दुःखही लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलं.

पण टिळकांनी एक फार चांगलं केलं. त्यांनी लक्ष्मीबाईंना लिहा-वाचायला शिकवलं. त्या अक्षरांनी पुढे काय चमत्कार केला, ते शेवटी येईलच.

आगगाडीतला सोबती

१८९३ साल. टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा निघाल्या. कवितेवर बोलणं झालं, धर्मावर झालं. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना एक पुस्तक दिलं, ते होतं बायबलमधला 'नवा करार'. ते गृहस्थ कोण, हे टिळकांना पुढे कधीच कळलं नाही!

टिळकांच्या मनात आधीपासूनच एक प्रश्न सलत होता. माणसामाणसांत ही जातीची भिंत कशासाठी? सगळ्यांना कवेत घेणारा देव कुठे भेटेल? ते पुस्तक वाचताना, त्यातला येशूचा डोंगरावरचा उपदेश वाचताना त्यांना वाटलं, आपण शोधत होतो ते हेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले.

आणि लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं!

आजच्या काळात तुम्हांला त्याची कल्पना यायची नाही. त्या वेळी धर्म बदलला म्हणजे माणूस जातीतून गेला, घरादाराला मेला. त्याच्याशी जेवण नाही, पाणी नाही. त्याच्या बायकोने काय करायचं? नवरा जिवंत, पण घर नाही. तेव्हा लक्ष्मीबाई जेमतेम सव्वीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचा दत्तू होता चारेक वर्षांचा. लोक येऊन कीव करत, कुजबुजत, उपदेश करत. लक्ष्मीबाई रडून रडून अर्ध्या झाल्या.

नातलगांनी त्यांना सांभाळलं. पंढरपूरला त्या राहिल्या. सोवळं पाळत होत्या, विठोबाच्या नगरीत दिवस काढत होत्या. मनातलं दुःख असह्य झालं, की ओबडधोबड ओळी जुळवत होत्या. नगरहून टिळकांची पत्रं येत. अशी चार-पाच वर्षं गेली. विचार करा, दत्तूच्या लहानपणाची एवढी वर्षं!

एका घरात दोन चुली

शेवटी लक्ष्मीबाईंनी ठरवलं, नवऱ्याकडे जायचं. पण धर्म? तो मात्र सोडायचा नाही!

तेव्हा टिळकांच्या घरी एक अजब संसार सुरू झाला. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. तिची चूल वेगळी, भांडी वेगळी, पाणी वेगळं. आणि टिळकांनीही ते मान्य केलं. एरवी एवढा तापट माणूस! पण या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. श्रद्धा कुणाच्या गळ्यात दोरी बांधून ओढत आणता येत नाही, हे ते ओळखून होते.

लक्ष्मीबाईंच्या आसपास आता सगळी ख्रिस्ती वस्ती. नगर भागातल्या या मंडळीत बहुतेक कुटुंबं कुठली होती, ठाऊक आहे? ज्यांना त्या वेळचा समाज 'अस्पृश्य' म्हणत असे, गावाबाहेर ठेवत असे, विहिरीवर पाणी भरू देत नसे, अशी. ही माणसं आता शिकत होती, शिकवत होती, गात होती. त्यांच्या बायका लक्ष्मीबाईंशी बोलायला येत. दत्तू त्यांच्या मुलांबरोबर खेळे. आणि आपल्या लक्ष्मीबाई? जपून, पदर सावरून, अंतर राखून!

पण रोज समोर दिसणाऱ्या माणसांपासून मन किती दिवस लांब राहणार?

तो एक प्रश्न

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण डोकं मोठं तल्लख होतं. एकदा त्यांच्या मनात विचारांची चक्रं सुरू झाली. जाती कुणी केल्या, देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर माणसाला पाहताक्षणीच जात कळली असती. गाय आणि घोडा ओळखू येतात, तशी! पण माणसांचं तसं दिसत नाही. सगळ्यांना दोन डोळे, दोन हात. सगळे जन्मतात आणि मरतातही सारखेच. मग हा भेद देवाचा नव्हे. तो माणसाने केलेला!

झालं! एवढी वर्षं जिवापाड सांभाळलेलं सोवळं त्यांनी त्या एका विचारासरशी मनातून काढून टाकलं. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं आणि कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं.

मुलांनो, हा निर्णय वाचायला सोपा वाटतो. पण ज्या घरात बाहेरची वस्तू धुऊन घेत, त्या घरातल्या मुलीने हे ठरवलं होतं. लहानपणापासून ज्याची भीती वाटत आली, त्याला हात लावायला किती धीर लागत असेल! अंधाराला घाबरणाऱ्या मुलाने एकट्याने अंधाऱ्या खोलीत जावं, तसं.

त्यानंतर १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या मागून, पण टिळकांच्या सांगण्यावरून नव्हे.

दुष्काळ आणि प्लेग

"चला, आता सगळं गोड झालं!" असं तुम्हांला वाटेल. गोष्टीत असतं तसं. पण खऱ्या आयुष्यात श्रद्धा मिळाली, म्हणून संकटं रजेवर जात नाहीत!

१८९९-१९०० हा मोठ्या दुष्काळाचा काळ. आजही गावाकडची म्हातारी माणसं ऐकीव गोष्टींमधून त्याला 'छप्पनचा दुष्काळ' म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. माणसं अन्नासाठी गावं सोडून निघाली. कितीतरी मुलं अनाथ झाली. नगरच्या मिशनने अशा मुलांना आसरा दिला. शेकडो पोरकी पोरं, त्यांना भरवायचं, धुवायचं, शिकवायचं! आणि मग प्लेग. प्लेगने तर सख्खी माणसंसुद्धा एकमेकांना शिवेनाशी झाली होती.

अशा वेळी 'मंडळी' या शब्दाची खरी परीक्षा होते, नाही का? रविवारी शेजारी बसून गाणं म्हणणं सोपं. सोमवारी शेजाऱ्याला ताप भरल्यावर त्याच्या उशाशी बसणं कठीण. मिशनच्या मुलींना प्लेगने गाठलं, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेला लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. एके काळी कुणाची सावली नको म्हणणाऱ्या घरातल्या बाई आता दुसऱ्यांच्या आजारी लेकींचं अंग पुसत होत्या!

टिळकांचं घर तर धर्मशाळाच झालं. पोरकी मुलं, शिकायला आलेली मुलं, आज आलेले, उद्या जाणारे. टिळक म्हणायचे राहू दे, आणि लक्ष्मीबाई भाकऱ्या थापायच्या. कटकट होत नसे असं नाही. भरपूर होई! लक्ष्मीबाई कुणी हसऱ्या चेहऱ्याच्या, अबोल संत नव्हत्या. त्यांना राग येई, त्या फटकन बोलत, टिळकांची थट्टा करत. पण घरातलं पान मात्र कधी कमी झालं नाही, वाढतच गेलं.

आपल्या देवाचं गाणं आपल्या चालीत

आता पुन्हा आपल्या कोड्याकडे येऊ. चर्चमध्ये अभंग कसे आले?

पूर्वी मराठी चर्चमध्ये बरीच गाणी इंग्रजीवरून भाषांतर केलेली आणि विलायती चालींवरची असत. शब्द मराठी, पण ठसका परका! टिळकांना ते खटकलं. शेतावर ओव्या म्हणणाऱ्या माणसाने देवापुढे मात्र परक्या सुरात का गावं? टिळक ज्ञानेश्वर-तुकारामांवर प्रेम करणारे. ख्रिस्ती झाले म्हणून काही ते मराठी संतांना विसरले नाहीत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. एक ना दोन, शेकडो गाणी! मंडळीने ती उचलून धरली. आजही मराठी चर्चच्या गीतांच्या पुस्तकात पानोपानी टिळकांचं नाव दिसतं.

१८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी भागाचं संपादन टिळकांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केलं. आणि तुमच्या आवडीची गोष्ट म्हणजे 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचेही ते संपादक होते.

त्यांच्या घरी आनंदाचे दिवसही असत. एक पोरसवदा, लाजरा कवी नगरला त्यांच्याकडे येऊन राहिला. फुलं, झरे, पाखरं यांच्या कविता करणारा. नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी! 'औदुंबर' आणि 'फुलराणी' लिहिणारे. बालकवी काही ख्रिस्ती नव्हते. पण टिळकांच्या घरी धर्माचा दाखला मागत नसत. लक्ष्मीबाईंनी त्यांना लेकरासारखं वागवलं.

पुढे १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. आपली मंडळी आणखी मोठी असावी, तिला दारं कमी आणि अंगण जास्त असावं, असं काहीसं टिळकांच्या मनात होतं.

दोन वर्षांत दोन घाव

१९१८ चा मे महिना. जळगावजवळ भादली स्टेशनापाशी रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस.

ते दुःख ताजं असतानाच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. लक्ष्मीबाई पन्नास वर्षांच्या होत्या. ज्या माणसापायी त्या रडल्या, ज्याच्याशी भांडल्या, ज्याच्यामागे गावोगाव फिरल्या, तोच निघून गेला.

इथे मला थांबावंसं वाटतं. कारण श्रद्धेविषयी आपण बोलतो, तेव्हा खरा प्रश्न इथेच येतो. सगळं ठीक चाललेलं असताना देव आहे म्हणणं अवघड नाही. पेपर सोपा गेला, की आपण सगळेच हात जोडतो! पण घरात रिकामी खुर्ची दिसू लागते तेव्हा काय?

लक्ष्मीबाईंनी काय केलं सांगू? टिळकांनी एक काम अर्धवट सोडलं होतं. येशूचं चरित्र ओव्यांमध्ये लिहायला त्यांनी घेतलं होतं, 'ख्रिस्तायन' नावाचं. आपल्या रामायणासारखं. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचं कोण लिहिणार? शाळेत कधीही न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ती लेखणी उचलली, आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले!

देव का असं करतो, याचं उत्तर त्यांना मिळालं की नाही, कोण जाणे. पण हाताला काम मिळालं. आणि कधी कधी श्रद्धा म्हणजे उत्तर नसतंच. आपल्या माणसाचं राहिलेलं काम पुढे नेणं, हीही श्रद्धाच असते.

आणि ती अक्षरं

दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, आता मोठा झाला होता. वडिलांचं चरित्र लिहायचं, म्हणून त्याने आईला आठवणी विचारल्या. लक्ष्मीबाई लिहू लागल्या. बोलतात तसं, साधं, सरळ. त्यातून 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक झालं. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या, पण ते पुस्तक आजही मराठीतल्या सर्वांत चांगल्या आत्मचरित्रांत मोजलं जातं.

त्यात एवढी दुःखं आहेत, पण वाचताना आपण खो-खो हसतो! टिळकांच्या वेंधळेपणाला हसतो, लक्ष्मीबाईंच्या फजितीला हसतो, कारण त्या स्वतःच स्वतःला हसतात. कुणाबद्दल कडवटपणा नाही. ज्यांनी बोल लावले त्यांच्याबद्दल नाही, सोवळ्याचा जाच करणाऱ्या वडिलांबद्दल नाही, आणि जुन्या धर्माबद्दलही नाही. मला वाटतं, त्यांच्या श्रद्धेचा खरा पुरावा कुठला असेल, तर हाच. जिने एवढं सोसलं, तिच्या मनात एवढं हसू उरलं!

मुलांनो, कुणी देवळात जातं, कुणी मशिदीत, कुणी विहारात, कुणी चर्चमध्ये, आणि कुणी कुठेच जात नाही. ही गोष्ट वाचून कुणी आपला धर्म बदलावा किंवा नवा घ्यावा, असं मुळीच नाही. पण लक्ष्मीबाईंकडून एक गोष्ट मात्र सगळ्यांनी घेण्यासारखी आहे. जे मानायचं ते विचारून मानावं, आणि एकदा मानलं की ते वागण्यात दिसावं. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या उशाशी बसायचं, कुणाला आपल्या पंगतीत घ्यायचं, हे आपण रोज ठरवत असतो. आपली श्रद्धा काय आहे ते बहुधा तिथेच कळतं.

आता तुमच्यासाठी एक काम. आज रात्री जेवताना आजीला किंवा आईबाबांना विचारा, "आपल्या घरावरचा सगळ्यात कठीण दिवस कोणता होता? आणि त्या दिवशी आपल्याकडे कोण कोण आलं होतं?" नावं ऐका. त्यात नातलग असतील, शेजारी असतील, वेगळ्या जातीची, वेगळ्या धर्माची माणसंही असतील. कुणी डबा आणला असेल, कुणी नुसतंच गप्प बसून राहिलं असेल.

ती नावं वहीत लिहून ठेवा. आणि वर मथळा द्या, 'आमची मंडळी'!